रविवारची डाउन गाडी

मुंबईपासून एका दिवसात बघून येण्याजोगं काय काय आहे, यावर पुस्तकं निघतात. डोंबिवलीकराला ती लागत नाहीत. डाउन गाडीने जिथे जाता येतं, ते प्रेक्षणीय. आठवडाभर अप फास्टच्या दारात एका पायावर मुंबई गाठणाऱ्या माणसाला रविवारी कल्याणच्या दिशेने चक्क खिडकी मिळते. तिथेच निम्मी सहल वसूल. पूर्वी प्रवासाआधी पंचांग बघत, आता मेगाब्लॉक बघायचा, एवढाच फरक.

आमच्याकडे स्थळं नाकारण्याचं खातं आत्याकडे आहे. भाचरांची लग्नं उरकल्यावर तिने ते सहलींकडे वळवलं. आसनगावला उतरून माहुली करू म्हटलं, ठाणे जिल्ह्यातला चांगला उंच किल्ला. "उंच आहे ना? मग खालून दिसेलच की." वज्रेश्वरीची गरम पाण्याची कुंडं? "घरी गीझर आहे." टिटवाळा? "ते दर्शन झालं, सहल नव्हे." उरलं अंबरनाथ.

देवळाआधी वालधुनी नदी लागते. ती डोळ्यांच्या आधी नाकाला कळते. पण आवारात शिरलं की माणूस गप्प होतो. काळ्या दगडाच्या त्या भिंतीवर शिल्पकाराने बोटभर जागा मोकळी सोडलेली नाही. उन्हं कलली की एकेका मूर्तीचं नाक, कंबर, पैंजण सुटं होऊन पुढे येतं. आतोबांनी माहिती दिली, "शिलाहारांचं देऊळ. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०. मुम्मुणी राजाचा शिलालेख आहे, दाराच्या तुळईवर, आतल्या बाजूला."

आत्याने येताना रस्त्याच्या दुतर्फा भावी नगरसेवकांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स पाहिलेले. "एवढं देऊळ बांधलं आणि नाव आतल्या बाजूला? या माणसाला वॉर्डातही कुणी निवडून दिलं नसतं."

गाभारा खाली आहे, बऱ्याच पायऱ्या उतरून जायचं. चढण नको म्हणून किल्ले बाद करणारी आत्या वरच्या पायरीवर बसली आणि तिथूनच तिने नमस्कार खाली सोडला. मग बाहेर झाडाखाली तिखटमिठाच्या पुऱ्या, लिंबाचं लोणचं, आणि थर्मासचं झाकण कुणी हरवलं यावर अर्धा तास चौकशी.

खरी परीक्षा परतीची. कर्जतहून आलेली गाडी भिवपुरीच्या धबधब्यात भिजून आलेल्या पोरांनी गच्च. दारातून पाणी ठिबकत होतं. आत्याने ती बघितली आणि निकाल दिला, "डाउन करू."

म्हणजे घर एका दिशेला आणि आम्ही दुसऱ्या. रीतसर तिकीट काढून बदलापूरला गेलो, तिथून सुटणाऱ्या रिकाम्या लोकलमध्ये चढलो, पाच जणांना पाच सीट. गाडी सुटायला वेळ होता. आत्या म्हणाली, "बदलापूर फारच छान आहे हो!" प्लॅटफॉर्मवरच फोटो निघाले, देवळापेक्षा जास्त. आतोबांनी खिडकीतून हात बाहेर काढून बारवी धरण साधारण कुठल्या बाजूला येतं ते दाखवलं. त्यामुळे तेही बघून झालं.