दाबूशेठ

पहिली मोटारसायकल घ्यायला निघालेल्या वजनदार माणसाबरोबर एक दाबूशेठ असतोच. कर्जतजवळच्या कोंडाण्यापासून खालापूरपर्यंत प्रत्येक गावात तो निदान एक आढळतो. मोठ्या गावात दोन असले तर त्यांच्यात बोलणे नसते. नाव काहीही असो, खूण एकच. उभ्या गाडीजवळ गेला की तो उजव्या हाताचा तळवा सीटवर ठेवतो, कोपर ताठ करतो, दोनदा खाली दाबतो, मान तिरकी करून शॉकॲबचा आवाज ऐकतो आणि निकाल देतो, "दबते." कधी कधी, "नाय दबत." यांपैकी कोणता निकाल चांगला, हे अजून कुणाला कळलेले नाही.

ही सवय गाडीपुरती नसते. मुलगी पाहायला गेला तर चहा येण्याआधी पाहुण्यांचा सोफा दाबून होतो. आजाऱ्याला भेटायला दवाखान्यात गेला तर आधी गादीची विचारपूस होते, मग आजाऱ्याची. मुंबईचे पाहुणे कोंडाण्याची लेणी बघायला आले तर वाट दाखवायला हाच जातो आणि सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेल्या कातळालाही तळवा लावून येतो. "नाय दबत," हे तिथले त्याचे एकमेव पुरातत्त्वीय निरीक्षण.

गाडी घेणारा उमेदवार साधारण एकशे दहा किलोंचा. वजन हा तोंडावर काढायचा विषय नसल्यामुळे त्याला कोणी 'तब्येतीने बरा' म्हणतो, कोणी 'पैलवान', आणि शोरूममधला मुलगा 'सर, तुमच्या पर्सनॅलिटीला' असे म्हणून थेट सर्वांत महाग गाडीकडे नेतो. दाबूशेठचे मत आधीच ठरलेले असते: गाडी माणसाखाली दिसली पाहिजे. म्हणजे साडेतीनशे सीसी, म्हणजे बुलेट नाहीतर क्लासिक. त्याखालची गाडी त्याच्या लेखी सायकलच.

या मतात तथ्य नाही असे नाही. मात्र ते दिसण्यात नसून पुस्तिकेत आहे. प्रत्येक गाडी चालक, मागे बसणारा आणि सामान मिळून किती भार पेलेल, याचा आकडा कंपनीने ठरवलेला असतो. शंभर सीसीच्या गाड्यांत तो साधारण १३० किलोंच्या घरात जातो. उमेदवार एकटा बसला की उरतात वीस. त्या विसात घरधनीण बसत नाही, तांदळाची पिशवी बसते. कोंडाण्याच्या बाजूला मोटारसायकल म्हणजे दूध, खत, गॅसची टाकी आणि रात्री-अपरात्री कर्जतला न्यायचा आजारी माणूस, असे सगळे असल्यामुळे हा हिशेब शोरूममध्ये झालेला बरा. दाबूशेठ पुस्तिका उघडत नाही. तो ती दाबून बघतो.

तळव्याची परीक्षा फसते कुठे, तर जोरात. हाताने पडणारा भार पंधरा-वीस किलोंचा, आणि स्प्रिंगला सोसायचा असतो त्याच्या कैकपट. खरी तपासणी अशी : मागचे चाक अधांतरी असताना त्याच्या आसापासून मडगार्डवरच्या एखाद्या खुणेपर्यंत टेपने मोजायचे, मग चाक जमिनीवर घेऊन एकाने गाडी सरळ धरायची, उमेदवाराने दोन्ही पाय फूटरेस्टवर ठेवून बसायचे आणि पुन्हा मोजायचे. मागच्या चाकाला खाली-वर व्हायला जेवढी जागा आहे, तिचा चौथा ते तिसरा हिस्सा नुसते बसण्यात खर्ची पडावा. जास्त पडला तर शॉकॲबच्या स्प्रिंगखालची कडी पान्याने फिरवून ताण वाढवता येतो. अनेक गाड्यांत त्याला पाच-सहा टप्पे असतात. एवढे करूनही पुस्तिकेतला भार वाढत नाही, गाडी फक्त कमी बसते. टायरमधली हवाही मागे माणूस असताना वेगळी लागते.

ताकदीचा प्रश्न कर्जतकरांना निराळा शिकवावा लागत नाही. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना बोरघाट चढवण्यासाठी मागून बँकर इंजिने लावतात ती कर्जतलाच. सदतिसात एक, म्हणजे किलोमीटरला सत्तावीस मीटर असा तो चढ आहे. वजन चढवायला वेग नव्हे, ओढ लागते. स्प्लेंडरची ओढ सुमारे ८ न्यूटन-मीटर, दीडशे सीसीच्या गाड्यांची १३-१४, क्लासिक ३५०ची २७. उमेदवाराचे स्वप्न बहुधा एक्सप्रेसवेचे असते. तिथे दुचाकीला बंदी आहे, तेव्हा खोपोलीहून जुन्या घाटाने शिंग्रोबाला हात जोडूनच वर जायचे. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या या धनगराने बक्षीस म्हणून देशाचे स्वातंत्र्य मागितले आणि त्याला गोळी मिळाली, अशी आख्यायिका आहे. कर्जतच्या सल्लागाराला वडापाव मिळतो.

मग साडेतीनशेच घ्यावी का? पहिलीच गाडी असेल तर घाई नको. स्प्लेंडरचे वजन सुमारे ११२ किलो, क्लासिकचे १९५. अंगात ताकद आहे म्हणून तोल येतो असे नाही, आणि शिकाऊ माणूस गाडी पाडतो ती धावताना कमी, उभी करताना जास्त. दोन्ही टाचा जमिनीला टेकणे हे पहिल्या वर्षी इंजिनापेक्षा मोलाचे. पुढे वाकून चालवायच्या गाडीवर पोट टाकीला लागते आणि सगळा भार मनगटांवर येतो. पाय पुढे पसरायच्या क्रूझरवर तो माकडहाडावर येतो. सरळ बसवणारी, रुंद सीटची दीडशे-एकशे साठची गाडी उमेदवाराला पुरते.

हे ऐकून कोणी साडेतीनशे घेत नाही असे होत नाही. हार, नारळ, चाकाखाली लिंबू, पेढे, सगळे होते आणि कोंडिवड्याच्या पुढे ओल्या खडीवरच्या वळणात गाडी निवांत आडवी होते. उमेदवार उठून उभा राहतो, त्याला काही झालेले नसते. भातात काम करणारे तिघे बांधावरून धावत येतात. दाबूशेठ त्यांच्याही आधी पोचतो, आडव्या पडलेल्या गाडीच्या सीटवर वाकून तळवा ठेवतो आणि म्हणतो, "दबते." त्या वेळी उमेदवाराच्या मनात काय येते ते छापण्याजोगे नसते.

पण त्यानंतरचा महिनाभर रोज सकाळी उमेदवाराला मैदानावर नेणारा हाच असतो. मागचा दांडा धरून, पन्नाशी उलटलेली असताना, चिखलातून धापा टाकत धावणारा हाच. क्लचची तार तुटली तर भर पावसात नवी तार घेऊन येतो आणि पैसे विचारले की रागावतो. येतो तो स्वतःच्या जुन्या शंभर सीसीवर. तिला दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन असतात आणि स्प्रिंगची कडी शेवटच्या टप्प्यावर गंजून बसलेली असते. निम्म्या गावाच्या गाड्या त्याने ठरवल्या. नवी घेणे त्याला जमले नाही. शोरूममध्ये टेस्ट राईड मागितली की "गाडी कोणाला घ्यायची आहे?" असे विचारतात आणि किल्ली उमेदवाराच्या हातात जाते. दाबूशेठच्या वाट्याला सीटचा तळव्याएवढा भाग येतो, तेवढाच तो दोनदा दाबतो.

हेल्मेटच्या बाबतीत मात्र त्याचीच पद्धत बरोबर आहे. गाडीबरोबर मिळालेले हेल्मेट मोठ्या डोक्याला बहुधा होत नाही. कपाळाभोवती टेप लावून, आयएसआय शिक्का बघून वेगळे घ्यावे, आणि ते गालांना चांगले दाबले पाहिजे. कायद्याने ते मागे बसणाऱ्यालाही लागते, म्हणून दोन घ्यावीत. दुसरे शोरूमला जातानाच बरोबर न्यावे आणि पुस्तिकेतला आकडा दोघांना पुरत असेल तर टेस्ट राईडला दाबूशेठला मागे बसवावे. मागच्या स्प्रिंगची खरी परीक्षा दोघांच्या भाराखालीच होते, आणि त्याचे वजनही काही कमी नसते.