रूम कोणती देऊ?

पेशंटला निवडीचा हक्क नाही, असं कोण म्हणतं? परवा मेव्हण्याचं पित्ताशय काढायचं ठरलं, तेव्हा काउंटरवरच्या मुलीचा पहिला प्रश्न निवडीचाच होता. "रूम कोणती देऊ, काका?" पुढ्यात लॅमिनेट केलेलं कार्ड : जनरल, ट्विन शेअरिंग, सिंगल एसी, डिलक्स. मेव्हणा बाकावर पोट धरून वाकलेला. आमच्या हिने डिलक्सवर बोट ठेवलं. तिथे नातेवाइकाला सोफा होता.

कार्ड उलटलं तेव्हा कळलं, रूमबरोबर सर्जनची फी बदलते, भूल देणाऱ्याची बदलते, ऑपरेशन थिएटरचं भाडंही बदलतं.

"थिएटर वेगळं असतं का?"
"नाही काका, एकच आहे."
"सर्जन?"
"सर तेच."
"मग?"
"कॅटेगरी वेगळी ना!"

ही कॅटेगरी काही डोक्यातून जाईना. उद्या न्हाव्याने कात्री हातात घेऊन विचारलं, "साहेब, घरी जाऊन सोफ्यावर बसणार की सतरंजीवर?" आणि त्यावर कटिंगचा दर लावला, तर आपण टॉवेल फेकून उठू. इथे मात्र आपण मान डोलावतो आणि हजामत करून घेतो. बरं, भूल दिलेल्या माणसाला एसी कळत नाही, पित्ताशयाला तर सोफ्याशी कधीच देणंघेणं नव्हतं, मग सर्जन पहिला छेद घेण्याआधी "डिलक्स आहे ना?" असं विचारून सुरी जरा अदबीने धरतात का? जनरलवाल्याच्या टाक्यांत दोरा कमी पडतो का? आणि विमा आहे म्हणून निर्धास्त राहाल, तर तिथेही हीच कॅटेगरी. तीन लाखांची पॉलिसी, रूमभाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये. तुम्ही ६,००० ची रूम घेतलीत, तर कंपनी फक्त भाडं कापून थांबत नाही. सर्जन, भूल, थिएटर, सगळ्यालाच त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मी कात्री लावते. सोफा फारच महाग पडला.

राज्यात २०२१ पासून खासगी रुग्णालयांना रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. ते मला सापडलं. कॉफीच्या मशीनमागे. दर्शन घ्यायला मशीन सरकवावं लागलं. अहो, मला पडद्याचा रंग निवडायचा नव्हता! एकूण खर्च किती, दुसऱ्या डॉक्टरचं मत घेऊ का, औषधं कोपऱ्यावरच्या दुकानातून आणू का, एवढंच विचारायचं होतं. औषधांचं विचारलं तर मुलगी म्हणाली, "इथूनच घ्यावी लागतील, काका." आणि वर फॉर्म पुढे केला : 'वरील कॅटेगरी मी स्वेच्छेने निवडली आहे.' बाकावरून मेव्हणा कण्हला. ती त्याची स्वेच्छा. हिने सही केली.

ऑपरेशन छान झालं. सरांनी पित्ताशयातले खडे डबीत घालून दाखवायला आणले. मी चष्मा लावून बराच वेळ निरखले. डिलक्सचे की जनरलचे, काही ओळखू येईना.