बायोडाटाकाका

इंदुरात मराठी घरं जिथे दाटीने आहेत, रामबाग म्हणा, नारायणबाग म्हणा, लोकमान्यनगर म्हणा, तिथे एक तरी बायोडाटाकाका असतोच. आमच्या गल्लीतल्या काकांचं खरं नाव विजेच्या बिलापुरतं उरलं आहे. वय सत्तरीला टेकलेलं, सदरा अर्ध्या बाह्यांचा, खिशाला दोन पेनं. निळं तुम्हाला लिहायला द्यायचं, लाल स्वतः काट मारायला. सकाळचे पोहे-जलेबी झाले, बशीतला जीरावनचा शेवटचा कण बोटाने टिपून झाला, की ओसरीवरचा कॉम्प्युटर सुरू होतो. त्याच्या कीबोर्डवरचं 'एम' अक्षर पार पुसलं गेलंय, कारण दर रेझ्यूमेत 'मॅनेज्ड' हा शब्द चारदा तरी येतो. फी एकच: नोकरी लागली की अर्धा किलो शेव. पगार बेताचा असेल तर साधी, पॅकेज असेल तर लौंगची.

काका मूळचे एका कापडमिलच्या टाइम ऑफिसातले. कोण किती वाजता आला, कोणाचे किती खाडे, हे लिहिण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. मग इंदूरच्या कापडगिरण्या एकामागून एक बंद पडल्या. हुकुमचंद मिल १९९१च्या डिसेंबरात थांबली आणि तिच्या कामगारांच्या २२४ कोटींच्या थकीत देण्यांचा निकाल लागायला २०२३चा डिसेंबर उजाडला. मधली बत्तीस वर्षं चूल कुणासाठी थांबणार होती? काकांची मिल वेगळी, गत तीच. काम शोधत निघालेली माणसं त्यांच्याकडे अर्ज लिहून घ्यायला येऊ लागली. "काय काम येतं?" विचारलं की म्हणायची, "विशेष काही नाही हो, धागा तुटला की जोडायचो." काकांना मस्टर तोंडपाठ. ते लिहायचे: 'सतरा वर्षांच्या नोकरीत एकही लेटमार्क नाही.' समोरचा माणूस तो कागद दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा वाचत बसायचा. त्याला पीथमपूरच्या कारखान्यात काम मिळायचं ते त्या लेटमार्काच्या ओळीवर.

तेव्हापासून काकांची खात्री आहे की मराठी माणसाजवळ सांगण्यासारखं पुष्कळ असतं, फक्त ते त्याच्या तोंडातून निघत नाही. घरात लहानपणापासून ऐकलेलं असतं की समर्थांनी दासबोधातल्या मूर्खलक्षणांत स्वतःची स्तुती करणारा आणि वाडवडिलांची कीर्ती सांगणारा, दोघांनाही बसवलंय. काकांचं उत्तर तयार असतं. "वडलांचं नाव आणि हुद्दा मी पहिल्यांदा काटतो, म्हणजे अर्धा मूर्खपणा तिथेच गेला. उरली आपली स्तुती. ती विशेषणात केली तर स्तुती, आकड्यात केली तर हिशेब. हिशेब लिहायला समर्थांची कुठे ना आहे?"

त्यामुळे विशेषण दिसलं की लाल पेन उघडतं. "हार्डवर्किंग? मेहनती तर बैलही असतो, भिया. किती बिघे नांगरले ते लिही." दाखला ठरलेला: १९४५-४६च्या रणजीत होळकर संघाने इथे इंदुरातच म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ केल्या, एका डावात सहा जणांची शतकं. "नुसतं 'होळकर संघ बरा खेळला' लिहून भागलं असतं का?" मी एकदा खोचकपणे विचारलं, की मग त्या म्हैसूरच्या गोलंदाजांनी रेझ्यूमेत काय लिहावं? काकांनी चष्मा पुसला आणि शांतपणे म्हणाले, "प्रतिकूल परिस्थितीत दीर्घकाळ काम करण्याचा अनुभव."

बरीच मंडळी लग्नाच्या बायोडाटावरच नोकरीचं भागवायला बघतात. वर गणपती, खाली उंची, वर्ण गहूवर्णी, गोत्र, रास, नाडी आणि शेवटी 'अपेक्षा: अनुरूप'. अशांना काका ओटल्यावर बसवून आधी शहराचा इतिहास सांगतात. "इंदूर २०१७पासून सलग सात वर्षं स्वच्छतेत देशात पहिलं आलं ते काय नुसता झाडू मारून? वेगळं करून! ओला इकडे, सुका तिकडे." मग त्याच्या कागदावर वर्गीकरण सुरू होतं. दहावीचे मार्क, शाळेतलं तिसरं बक्षीस, म्हणजे एकेकाळी ताजं होतं पण आता सडलं, ते ओल्यात. उंची, वजन, 'हॉबी: लिसनिंग म्युझिक', जे कधीच कुणाच्या उपयोगाचं नव्हतं, ते सुक्यात. चार पानांतून जे एक पान उरतं, ते कंपनीला जातं.

तेही सगळ्या कंपन्यांना सारखं जात नाही. काकांचा याबाबतीतला गुरू म्हणजे सराफा. "दिवसा त्या ओटल्यांच्या आत सोनं, रात्री त्याच ओटल्यांवर गराडू आणि भुट्टे का कीस. जागा तीच, पण आलेलं गिऱ्हाईक बघून माल मांडतात. सोनं घ्यायला आलेल्यापुढे कीस ठेवला तर तो खाईल, पण हार घेणार नाही." म्हणून दर जाहिरातीला वेगळा रेझ्यूमे. बँकेसाठी रोकड सांभाळल्याचं वर, दुकानासाठी गिऱ्हाईक सांभाळल्याचं वर. माणूस तोच.

मध्यंतरी एका पोराने नक्षीदार दोन रकान्यांचा रेझ्यूमे आणला. एका बाजूला पट्ट्या काढलेल्या: कम्युनिकेशन ८० टक्के, टीमवर्क ९० टक्के. काका पट्टी बघत म्हणाले, "उरलेल्या वीस टक्क्यांत तू काय मुका होतो?" पण त्याच पोराकडून काकांना कळलं की मोठ्या कंपन्यांत रेझ्यूमे आधी सॉफ्टवेअर वाचतं, जाहिरातीतले शब्द कागदात शोधतं, आणि रकाने-चित्रांत कधीकधी अडखळतं. काका हरखले. वाचणारा डोकं वापरत नसला तर काय करायचं, हे त्यांना टाइम ऑफिसापासून माहीत होतं. "त्यांनी 'इन्व्हेंटरी' लिहिलंय ना? मग तू 'गोदामातला माल' लिहून पांडित्य दाखवू नको. त्यांचाच शब्द त्यांच्या तोंडावर." नक्षी गेली, सरळ एका रकान्यातला साधा कागद आला.

काकांची खरी कसोटी लागते ती भंवरकुव्याच्या मुलांपाशी. पीएससीच्या क्लासेसचा तो सगळा भाग. तिथे चार-चार वर्षं काढून परीक्षेतून बाहेर आलेल्या मुलाच्या रेझ्यूमेत पदवी आणि आज यांच्या मधे मोठी विहीर असते. असा एक जण आला.

"२०१९ ते २०२३ काय करत होता?"

"काही नाही, काका. तयारी."

"चार वर्षं काही नाही कसं करता येईल? जबरन करायचं म्हटलं तरी जमणार नाही. वह्या आण."

वह्या आल्या. मध्य प्रदेशच्या इतिहासाची टिपणं, एकशेदहा पानं, अक्षर मोत्यासारखं. कडेला झेरॉक्सवाल्याच्या बोटांचे काळे ठसे. काकांची नजर त्या ठशांवर खिळली. त्यांनी मुलाला स्कूटरवर मागे बसवलं आणि थेट त्या झेरॉक्सच्या दुकानात नेलं. दुकानदार हिंदीत म्हणाला की या नोट्सचे सेट तर अजून जातात, दोनशेच्या वर गेले असतील. आणि मुलाकडे वळून त्याने विचारलं, लिहिणारा तूच काय? चार वर्षांत त्या पोराचा चेहरा कुणी इतक्या आदराने पाहिला नसावा. विहिरीच्या जागी ओळ आली: 'राज्याच्या इतिहासावर ११० पानांचं अभ्याससाहित्य तयार केलं, २००हून अधिक विद्यार्थ्यांनी वापरलं.' अभ्याससाहित्य तयार करणाऱ्या एका कंपनीत तो लागला. शेव लौंगची आली.

"हे ताणणं नाही का?" मी विचारलं.

"ताणायला हरकत नाही. तुटेल तिथे थांबायचं," काका म्हणाले आणि त्यांनी पानाच्या तळाशी बोट ठेवलं. 'वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे सत्य आहे.' हल्ली ही ओळ कुणी मागत नाही, जागा खाते, काढा, असं पोरं सांगतात. काकांनी फोटो काढला, जन्मतारीख काढली, गणपती काढला. ही ओळ मात्र ते काढत नाहीत.

या ओळीपायीच गेल्या भाद्रपदाआधी एक प्रकरण झालं. शेजारच्या वाड्यातली बी.कॉम. झालेली मुलगी विजयनगरच्या एका ऑफिसात हिशेबनिसाच्या जागेसाठी अर्ज करत होती. तिने लिहिलं होतं: 'एक्सेल: उत्तम.'

"व्हीलुकअप लावून दाखव, बेटा," काका म्हणाले.

"तेवढं येत नाही, काका. पण सगळेच उत्तम लिहितात."

"सगळ्यांच्या कागदाखाली माझी ओळ नसते. आधी खरं करू, मग लिहू."

काकांनी कपाटातून गल्लीच्या गणपतीची तीन वर्षांची पावतीपुस्तकं काढून तिच्यापुढे ठेवली. घरांची यादी एका शीटवर, पावत्या दुसऱ्यावर, दोन्ही जुळवायच्या. पहिल्या संध्याकाळी नुसत्या एररच्या रांगा. दुसऱ्या संध्याकाळी कळलं की एकाच घराचं आडनाव तीन प्रकारे लिहिलंय. तिसऱ्या संध्याकाळी सूत्र बरोबर बसलं आणि यादीतलं एकच नाव लाल झालं. मुलगी पडद्याकडे बघे, मग काकांकडे बघे, बोलेना. काकांनी चष्मा वर करून वाकून पाहिलं.

नाव काकांचंच होतं. गेल्या तीन वर्षांतल्या एका वर्षाची वर्गणी, ५०१ रुपये, बाकी.

ओसरीवर थोडा वेळ फक्त पंख्याचा आवाज. मग काका आत गेले, पाचशेची नोट आणि एक रुपया आणून टेबलावर ठेवला, रीतसर पावती फाडून घेतली, आणि कीबोर्ड स्वतःकडे ओढून 'एक्सेल: उत्तम'च्या जागी लिहिलं: 'वर्गणीच्या तीन वर्षांच्या नोंदी एक्सेलमध्ये जुळवून थकबाकी शोधली, वसुली १०० टक्के, ५०१ रुपये.'

"काका, रक्कम फारच लहान दिसते," मुलगी चाचरत म्हणाली.

"रक्कम लहान असू दे," काका म्हणाले, "आसामी कोण होती ते इंटरव्ह्यूत सांग."