थोरल्या भावाचे उपकार

सोलापूरकराला गावाचं कौतुक सांगायला लावलं, की तो चादर, शेंगाचटणी आणि सिद्धेश्वराची यात्रा या क्रमाने सुटतो. शाहीर रामजोशींपर्यंत तो येईतो पाहुण्याची गाडी निघून गेलेली असते. मला मात्र आधी तेच आठवतात. स्वतः रचायचं आणि स्वतःच फडावर उभं राहून गायचं, हा उद्योग या माणसाने पेशवाईत केला.

घर पुराणिकांचं. थोरले बंधू मुद्गल पोथी सांगायचे आणि धाकटे रामभाऊ धोंडी शाहिराच्या फडात जाऊन बसायचे. शेवटी भावाने घराबाहेर काढलं. दुसरा कोणी तडक तमाशात गेला असता. हे पंढरपूरला जाऊन संस्कृत शिकले! परत आले, कीर्तनं केली आणि पुन्हा ढोलकीकडे वळले. आता गळ्याच्या जोडीला व्याकरण आणि अलंकारही होते.

याचा परिणाम त्यांच्या लावणीत ऐकू येतो. सुंदरेचं वर्णन चाललेलं असतं आणि मध्येच एखादा लांबलचक संस्कृत समास ढोलकीच्या तालावर धावत सुटतो. आता हा ठेचकाळणार म्हणून आपण श्वास रोखावा, तर पठ्ठ्या बरोबर समेवर हजर. मराठी, कानडी, हिंदी आणि संस्कृत एकाच लावणीत घालण्याचा खेळही त्यांनी केला. पुण्याच्या पंडितांना त्याचं नवल वाटलं असेल. सोलापूरच्या मंडईत कानडीत भाव विचारतात, मराठीत घासाघीस करतात आणि हिंदीत भांडतात. तेलुगू ऐकायची असेल तर दोन पावलं पुढे जायचं.

परवा भाकरी खाता खाता मी मोबाइलवर त्यांची लावणी लावली होती. आत्या आतून म्हणाल्या, "अरे, सकाळी सकाळी काय लावलंयस हे?"

"आत्या, रामजोशी आहेत. मोठे कीर्तनकार होते."

"मग असू दे," म्हणाल्या आणि पोळपाट पुसता पुसता मान हलवू लागल्या.

रामजोशींना हे प्रमाणपत्र जन्मभर उपयोगी पडलं असणार. त्यांची गोष्ट सांगणाऱ्यांनाही शेवट फार आवडतो. बारामतीच्या मोरोपंतांनी त्यांचं कवन ऐकलं, कवी म्हणून मान दिला, तेव्हा शाहिराने डफ-तुणतुणं फोडलं आणि कीर्तनाला वाहून घेतलं, असं सांगतात. मोरोपंतांच्या आर्या महाराष्ट्रभर पोचल्या त्या रामजोशींच्या कीर्तनांतून, हे तर खरंच. पण गंमत अशी, की पंतांनी ज्यावर मान डोलावली म्हणतात, ते कवन तमाशातलंच होतं. सुधारण्याचं बक्षीस सुधारण्याआधीच मिळालं होतं.

लोकांनीही आपला कौल दिलेला आहे. 1947 साली 'लोकशाहीर रामजोशी' हा चित्रपट आला. गदिमांची लेखणी, वसंत देसाईंचं संगीत, जयराम शिलेदार रामजोशी आणि समोर हंसा वाडकर. त्यातल्या लावण्या आणि सवाल-जवाब आजही ऐकले जातात. आर्या ऐकायला कोणी तिकीट काढून गेलं असेल, तर त्याला माझा नमस्कार. तुणतुणं फोडता येतं. लोकांच्या तोंडात बसलेली लावणी कशी फोडणार?

राहता राहिले मुद्गलबुवा. गोष्टीत ते नेहमी खाष्ट दिसतात, पण मला त्यांच्याबद्दल कृतज्ञताच वाटते. भावाला त्यांनी प्रेमाने समजावलं असतं आणि तो ऐकून घरी बसला असता, तर सोलापूरला आणखी एक पुराणिक मिळाला असता. पुराणिकांची आपल्याकडे तेव्हाही टंचाई नव्हती.