तक्रारदाराला गादी

३१ मे २०२५च्या शनिवारी ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश मालिकेतला पंधरावा डॉक्टर, म्हणजे शूटी गाटवा, सोनेरी उजेडात विरघळला आणि त्याच उजेडातून बिली पायपर बाहेर आली. तिने प्रेक्षकांना हॅलो केले आणि श्रेयनामावली सुरू झाली. आजवरचा रिवाज असा, की नव्या नटाच्या नावापुढे ‘डॉक्टरच्या भूमिकेत’ असे छापतात. या वेळी नुसते नाव आले, भूमिका नाही. चाहत्यांनी त्या गाळलेल्या जागेत बिऱ्हाड केले आणि ते अजून हललेले नाही.

ज्यांच्या घरी हे दुखणे नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. डॉक्टर हा परग्रहावरचा गृहस्थ. पोलिसांच्या निळ्या टेलिफोन-पेटीत बसून तो काळातून हिंडतो आणि ती पेटी आतून बाहेरच्यापेक्षा मोठी असते. २३ नोव्हेंबर १९६३ला पहिला भाग दाखवला गेला. तो दिग्दर्शित केला होता लखनौत जन्मलेल्या, पंचविशीही न गाठलेल्या वारिस हुसेन यांनी. १९६६मध्ये नायक विल्यम हार्टनेल यांची तब्येत साथ देईना. चालते दुकान बंद कोण करणार? म्हणून ठरले, की या प्राण्याला मरणाच्या दारात नवे शरीर मिळते. हिंदी मालिकांवर हीच पाळी आली तेव्हा त्यांनी अपघात आणि प्लास्टिक सर्जरीवर भागवले. ब्रिटिशांनी त्याचे शास्त्र केले. शास्त्र म्हटले की शास्त्रार्थ आलाच.

तर बिलीबाई कोण? एक पक्ष म्हणतो, डॉक्टरच. डेव्हिड टेनंट २०२२मध्ये जुनाच चेहरा घेऊन परतला होता, तेव्हा पूर्वाधार आहे. दुसरा पक्ष म्हणतो, ती २००५मधली रोझ, डॉक्टरची सहप्रवासी, कारण ती भूमिका हिनेच केली होती. तिसरा पक्ष २०१३चा विशेष भाग काढून दाखवतो. त्यात हीच बाई विचार करणाऱ्या एका शस्त्राचा चेहरा झाली होती, सबब हे शस्त्रच आहे. चौथ्या पक्षाचे म्हणणे असे, की ती कोण हे अजून लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसावे. हा पक्ष अल्पसंख्य आहे, कारण तो पत्करल्यावर बोलायला काही उरत नाही.

बाकी भागाची चिरफाड यथासांग झाली. बेलिंडा चंद्रा ही नर्स (केरळात जन्मलेली वरदा सेतू) अख्खा हंगाम ‘मला घरी, २४ मे तारखेला सोडा’ म्हणत होती. शेवटच्या भागात तिला मुलीसकट एका पेटीत बसवून ठेवले आणि अखेरीस कळले, की तिची घरी जायची घाई त्या मुलीसाठीच होती. यावर चाहत्या जितक्या संतापल्या तितके, माझ्या मते, संतापायलाच हवे होते. पण सर्वांत मोठा शोक झाला तो राणीचा. राणी ही खलनायिका. १९८७नंतर ती मूळ मालिकेत फिरकलीच नव्हती. मालिका २००५मध्ये पुन्हा सुरू झाल्यापासून पडद्यावर कुणी गूढ बाई दिसली की चाहते ‘राणी, राणी’ करीत आणि ती बाई दुसरीच कुणी निघे. २०२५मध्ये खरोखरच राणी आली, आर्ची पंजाबीच्या रूपात, चांगली ठसक्यात. तर म्हणे, हे आम्ही आधीच ओळखले होते. पुढच्याच दोन भागांत ओमेगा नावाच्या हाडांच्या राक्षसाने तिला गिळले. तर म्हणे, इतक्या लवकर?

आता गंमत पाहा. ही राणी १९८५मध्ये निर्माण केली पिप आणि जेन बेकर या लेखक दांपत्याने. पुढच्याच वर्षी बीबीसीच्या एका कार्यक्रमात चाहत्यांना बोलावले गेले आणि सोळा वर्षांच्या एका पोराने त्या हंगामाच्या लेखनाबद्दल बेकर दांपत्याला थेट सुनावले. त्याचे नाव ख्रिस चिबनॉल. २०१८ ते २०२२ ही मालिका कोण चालवत होते? ख्रिस चिबनॉल. २०२०मध्ये त्यांनी जाहीर केले, की हार्टनेल पहिला डॉक्टर नव्हेच, त्याच्याआधी अगणित जन्म होऊन गेले. त्यानंतर त्यांना जे ऐकावे लागले त्यापुढे १९८६चे बोलणे म्हणजे सत्यनारायणाची आरती.

आणि हे एकटे नव्हेत. १९७४मध्ये ‘रेडिओ टाइम्स’मध्ये पंधरा वर्षांच्या एका मुलाचे मालिकेविषयीचे पत्र छापून आले. तो पीटर कपाल्डी, पुढे बारावा डॉक्टर. रसेल टी. डेव्हिस आणि स्टीव्हन मोफॅट हे सूत्रधारही लहानपणापासूनचे भक्त. टेनंटने तर भक्तीची सोयरीकच केली. पाचवा डॉक्टर पीटर डेव्हिसन, त्याची मुलगी जॉर्जिया. ती २००८मध्ये एका भागात टेनंटच्या डॉक्टरची मुलगी झाली आणि २०११मध्ये टेनंटची बायको. आपल्याकडे घराणेशाहीवर बोलणाऱ्यांनी हा गुंता एकदा कागदावर काढून पाहावा.

चाहत्यांच्या हाती कारभार गेल्याने तक्रारी मिटल्या नाहीत, फक्त त्यांना पटकथेत जागा मिळाली. पृथ्वीचे रक्षण करणारी ‘युनिट’ ही लष्करी संस्था सत्तरच्या दशकातली की ऐंशीच्या, हा तंटा जुना आहे. १९७५च्या एका कथेत डॉक्टरची सहप्रवासी सारा जेन सांगते, मी १९८०मधली. १९८३च्या कथेत तिच्याच काळातला युनिटचा प्रमुख ब्रिगेडियर १९७६ला निवृत्त होऊन शाळेत गणित शिकवताना सापडतो. शहाण्या माणसाने इथे लेखकाचे लक्ष नव्हते म्हणून पुढे जावे. चाहत्यांनी कालनिर्णयाचे स्वतंत्र शास्त्र उभारले. २००८मध्ये खुद्द डॉक्टरच पडद्यावर पुटपुटला, की मी युनिटमध्ये होतो ते सत्तरच्या दशकात की ऐंशीच्या, नक्की आठवत नाही. विनोदच तो, पण काहींनी त्याचीही पुरावा म्हणून नोंद केली.

या मंडळींची खरी भक्ती मात्र न पाहिलेल्या भागांवर. साठच्या दशकातले सुमारे शंभर भाग बीबीसीने टेप पुसून किंवा फिल्म टाकून देऊन घालवले. त्यांत एकही टाकाऊ भाग नाही, असे जाणकार सांगतात. ‘द टूम ऑफ द सायबरमेन’ ही १९६७ची कथा हरवलेली होती तोवर सर्वश्रेष्ठांत गणली जाई. १९९१मध्ये ती हाँगकाँगला सापडली, लोकांनी पाहिली, आणि नटाला उचलणारी तार दिसायला लागली.

ऑक्टोबर २०२५मध्ये भागीदार डिस्नेने या मालिकेतून अंग काढून घेतले. बिलीबाईंचा उलगडा कधी, असे विचारता बीबीसीने नाताळ २०२६च्या विशेष भागाचा वायदा केला आहे. लिहिणार डेव्हिसच. तो भाग अजून कुणीही पाहिलेला नसल्याने तूर्त त्याची गणना हाँगकाँगपूर्व ‘टूम’च्या शेजारी होते.