शब्दकोश ठोक्यानं देणे आहे

तुम्हाला म्हणून सांगतो, कष्टाशिवाय पैसा मिळवण्याची अक्कल मला फार उशिरा, म्हणजे इंग्रजीचा मास्तर म्हणून हिंगोलीत रिटायर झाल्यावर सुचली. अमेरिकेतल्या वेबस्टरसाहेबांनी उभं आयुष्य घालून कोश रचला, ते वारल्यावर 1843 मध्ये मेरियम बंधूंनी त्याचे हक्क विकत घेतले आणि त्यांच्या कंपनीचं भलं झालं, हे वाचल्यापासून माझ्या डोक्यात एकच घोळत होतं, की वेबस्टर होण्यात काही राम नाही. व्हायचं तर मेरियम.

माल शोधायला घराबाहेरही पडावं लागलं नाही. प्रिन्स्टन विद्यापीठात जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञानं 1985 मध्ये सुरू केलेला ‘वर्डनेट’ हा कोश, दीड लाखाच्या वर इंग्रजी शब्द, अर्थांसकट इंटरनेटवर तयार होता. भाच्यानं तो एका दुपारी, मी पंख्याखाली लवंडलेलो असताना, पेनड्राइव्हवर उतरवून दिला. सुरुवातीचा बारीक अक्षरांतला मजकूर उगाच जागा अडवत होता, तो काढून तिथं मी ‘संपादक’ असं लिहिलं आणि खाली स्वतःचं नाव टाकलं. संपादन झालं.

राहिला करारनामा. वकिलाचे पैसे वाचवायला तहसीलसमोर टेबल टाकून बसणाऱ्या एका लिहिणाऱ्याला गाठलं. त्याची सारी हयात शेतं ठोक्यानं देण्याचे कागद करण्यात गेलेली. ‘लायसन म्हणजे ठोकाच की सर,’ म्हणत त्यानं पाचशेच्या बाँडवर झरझर लिहून काढलं, की सदर कोश पाडवा ते पाडवा ठोक्यानं दिला असून त्याच्या चतुःसीमा पूर्वेस ए, पश्चिमेस झेड अशा आहेत, आणि धुऱ्यावरच्या झाडांवर ठोकेदाराचा कसलाही हक्क राहणार नाही. मसुदा मला भारदस्त वाटला. विशेषतः झाडांचं कलम.

‘शब्दांचे पैसे मिळत असते तर तुमच्या बडबडीवर एव्हाना बंगला झाला असता,’ असं म्हणत बायकोनं धपाटे बांधून दिले. रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये अंग आंबवून मी पुण्याला, अप्पा बळवंत चौकातल्या एका प्रकाशकांपुढे जाऊन बसलो. त्यांनी चहा मागवला, बाँड शेवटपर्यंत वाचला, झाडांपाशी जरा थबकले आणि म्हणाले, “सर, याचा मूळ मालक कोण?”

“प्रिन्स्टन.”

“त्यांनी तुम्हाला हक्क दिलाय?”

“अहो, सगळ्या जगाला दिलाय! धंद्यासाठीसुद्धा!”

“म्हणजे मलाही.”

मी घाईघाईनं दुसरा माल काढला: मोल्सवर्थनं सुरू केलेला आणि कँडीनं 1847 मध्ये पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश. प्रकाशक शांतपणे म्हणाले, की आपल्याकडे लेखक गेल्यावर 60 वर्षांनी हक्क संपतो, आणि कँडीसाहेब 1877 मध्येच गेले. मग मी मेहनतीचा मुद्दा काढला. त्यावर त्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा 2007 चा निकाल सांगितला: दुसऱ्याच्या मजकुरावर नुसता घाम गाळला म्हणून हक्क मिळत नाही, निवडीत आणि मांडणीत थोडी तरी स्वतःची अक्कल दिसावी लागते. अक्कल सोडा, माझा तर घामही नव्हता. पंखा चालू होता.

“यात तुमचं नेमकं काय आहे?” त्यांनी विचारलं. मी पहिल्या पानावरच्या नावाकडे बोट दाखवलं. त्यांनी दुसरा चहा मागवला.

तेव्हा मंडळी, इंग्रजी कोश हवा असेल तर माझ्याकडे येऊ नका. वर्डनेट फुकट आहे, खुशाल उतरवून घ्या, छापा, विका. प्रिन्स्टनची मुख्य अट म्हणजे सुरुवातीचा तो बारीक अक्षरांतला मजकूर तेवढा काढायचा नाही.