पुरवणी मागणी

उज्जयिनीत भविष्य सांगणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. परंतु फ्रीगंजातल्या टॉवर चौकाच्या आसपास संगणकाचे सुटे भाग विकणाऱ्या मंडळींनी या विद्येत अलीकडे जी गती मिळवली आहे, ती पाहून परंपरागत ज्योतिष्यांनी आपले दप्तर गुंडाळून ठेवावे असे वाटू लागते. ज्योतिषी निदान एखादा ग्रह वक्री ठेवून स्वतःपुरती पळवाट राखतो. हा मात्र मदरबोर्डाच्या खोक्यावर तळहात ठेवून "भाईसाहब, पाँच साल देखना ही नहीं" असे निःशंकपणे सांगतो. आणि ज्या मराठी गृहस्थाने मुलीचे स्थळ पाहताना मुलाच्या आजोबांच्या रक्तदाबाचीदेखील चौकशी केलेली असते, तोच येथे मान डोलावून खिशात हात घालतो.

आमचे शेजारी सरकारी लेखाविभागातून निवृत्त झालेले. चिरंजीवांच्या संगणकासाठी त्यांनी ४०,००० रुपयांची तरतूद मंजूर केली आणि तिचे खातेनिहाय वाटप एका फुलस्केप कागदावर तांबड्या शाईने आखले. कागद निर्दोष होता. दोष एवढाच, की चिरंजीवांनी पहिली खरेदी ग्राफिक्स कार्डाची केली, आणि ग्राफिक्स कार्ड हा संस्थानिकाच्या दारातला हत्ती आहे : तो घेताना जी किंमत पडते ती केवळ नजराणा होय, माहूत, अंबारी आणि वैरण यांचा खर्च पुढे निघतो. कार्ड लांबीने कॅबिनेटात मावेना म्हणून नवे कॅबिनेट. विजेची जास्तीची जोडणी मागते म्हणून नवा पॉवर सप्लाय. या शेवटच्या बाबीवरच आपल्याकडे काटकसरीचा साक्षात्कार होतो. हजारोंचा ऐवज ज्याच्या भरवशावर चालायचा, तो डबा कॅबिनेटाबरोबर फुकट मिळाला की घरात आनंद होतो; त्याच्यावर ४५० वॅट छापलेले असतात, आणि हातात घेतला तर वजन फराळाच्या रिकाम्या डब्याइतके. वैशाखात दुपारी वीज जाऊन दणक्यात परत आली की तो एकटा जात नाही, मदरबोर्डालाही सोबत नेतो.

मदरबोर्डाची तर स्वतंत्र वतनदारी आहे. एएमडीने २०१६-१७ मध्ये आणलेल्या एएम४ या सॉकेटात प्रोसेसरांच्या अनेक पिढ्या नांदल्या, हे सन्माननीय अपवादात जमा. इंटेलच्या घराण्यात मात्र दोनतीन पिढ्यांत सॉकेट बदलण्याचा रिवाज आहे. सॉकेट बदलला की बोर्ड बदला, बोर्ड बदलला की बहुधा रॅम बदला. कारण डीडीआर४ची पट्टी डीडीआर५च्या जागेत शिरू नये, यासाठी मधली खाच जराशी सरकवून ठेवलेली असते. एवढ्या जराशा अंतरात किती कुटुंबांचे दिवाळीचे बोनस गडप झाले असतील!

त्यातच १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा आधार सरकारी थाटात बरखास्त झाला, आणि विंडोज ११ने इंटेलच्या बाबतीत आठव्या पिढीपासून पुढचे प्रोसेसर व टीपीएम २.० नामक सनद मागितली. कालपर्यंत निर्वेधपणे चाकरी करणारी यंत्रे एका हुकमासरशी पेन्शनीत निघाली. आमच्या गल्लीतल्या गुरुजींचे यंत्र त्यांपैकीच. त्यावर ते पत्रिका करतात. नवग्रहांची स्थिती काढायला त्यांना चार जीबी रॅम आजवर पुरली आहे. फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली, त्या दिवसापासून यजमानाने दक्षिणा काढायच्या आत कुंडली निघते. आणि इंटरनेटची तार काढून ठेवल्यामुळे ते विंडोजच्या निवृत्तीबद्दल संपूर्ण अज्ञानात सुखी आहेत. यंत्राने नेमके काय करायचे हे ज्याला ठाऊक आहे असा मला आढळलेला तो एकमेव ग्राहक, आणि दुकानदारांच्या लेखी तो ग्राहकच नव्हे.

वास्तविक याच शहरात क्षिप्रेकाठी सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात वेधशाळा बांधली, तेही एक अपग्रेडच होते. पितळी यंत्रे लहान पडतात, त्यांचे आस झिजतात, मध्य ढळतो, असे दोष त्याने आधी नोंदवले आणि मगच चुन्याविटांच्या यंत्रांवर खजिना मोकळा केला. सम्राट यंत्राची तिरपी भिंत उज्जयिनीच्या अक्षांशाइतकी, म्हणजे सुमारे २३ अंश ११ कला, चढती आहे, आणि तिची सावली आजही वेळ सांगते. घड्याळाशी मेळ घालण्यापुरता मिनिटांचा तक्ता पाहिला की झाले. मधल्या काळात पडझड झाली खरी, आणि १९२३ साली ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांना डागडुजी करावी लागली. पण तेवढ्या अवधीत सूर्याने आपले सॉकेट काही बदलले नाही. (तेथेच २०२४ मध्ये तीस मुहूर्तांचे वैदिक घड्याळ बसले, आणि काही दिवसांतच त्याच्या ॲपवर सायबर हल्ला झाल्याची बातमी आली. सावलीवर हल्ला चढवण्याची युक्ती अद्याप कोणाला साधलेली नाही.)

शेजाऱ्यांच्या चिरंजीवांनी कार्ड आणले आणि रॅमची खरेदी पुढच्या महिन्यावर ढकलली. "आज ले लो, कल और महँगी होगी," असे दुकानदाराने बजावले होते. त्याच्या समग्र भविष्यकथनातले हे एकच वाक्य खरे ठरावे, हा दैवदुर्विलास! रॅमच्या चिपा करणारे सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन हे जगातले तीन मोठे सावकार. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांची मागणी येताच त्यांनी आपली भट्टी तिकडे वळवली, भाव कडाडले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने क्रुशिअल या नावाने चालणारा आपला किरकोळ ग्राहकांचा व्यवसाय बंद करीत असल्याचे जाहीर करून टाकले. तांबड्या शाईतला रॅमचा रकाना तीनदा खोडला गेला. इंदूरच्या सिल्व्हर मॉलमध्ये स्वस्त मिळेल म्हणून पितापुत्र जाऊन आले. वाचले त्यातून पेट्रोल आणि सराफ्यातली खाबुगिरी वजा जाता शिल्लक निघाली नाही.

अखेरीस कार्ड जुन्या यंत्राशेजारी ठेवून पाहण्यात आले, तेव्हा घरातल्या मॉनिटरला केवळ निळी व्हीजीए जोडणी असल्याचे, आणि नव्या कार्डावर तसले भोक मुळातच नसल्याचे निष्पन्न झाले. मॉनिटरची पुरवणी मागणी रात्री जेवणाच्या पानावर सादर झाली. वहिनींनी ती चर्चेविना फेटाळली. सध्या कार्ड खोक्यात, खोके कपाटावर, आणि चिरंजीव जुन्याच यंत्रावर त्या कार्डाच्या परीक्षणाच्या चित्रफिती अडखळत पाहत असतात.